कोहळ्याला कार्योत्तर मंजुरी

सुशिलाबाई टेकचंद राहांगडाले. वय वर्षे सहासष्ट. राहणार सडक अर्जुनी, हायवेपासून आत तिसरी आळी. पद अंगणवाडी सेविका, वयोमर्यादेमुळे सेवामुक्त. एकूण सेवा तेहतीस वर्षे. या कालावधीत सांभाळलेली रजिस्टरे अकरा प्रकारची, वजन केलेली बालके अंदाजे दोन हजार, घेतलेल्या माता-बैठका असंख्य. अपत्ये दोन : मुलगी डिंपल, विवाहित, रायपूर, मुलगा ओमेश, विवाहित, रेल्वेत मालगाडीचा लोको पायलट, मुक्काम गोंदिया. दोघांचेही लसीकरण पूर्ण. विशेष प्रावीण्य कोहळ्याच्या बड्या (इतरत्र सांडगे). गंभीर आजार निरंक. शिस्तभंगाची कारवाई निरंक. अंधश्रद्धा निरंक.

यातल्या शेवटच्या नोंदीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं.

अंधश्रद्धा निरंक ही नोंद सुशिलाबाईंनी स्वतःच्या कष्टानं मिळवली होती. ग्रहणात गरोदर बाईनं भाजी चिरली तर बाळाचा ओठ फाटत नाही, पहिलं पिवळं दूध फेकायचं नसतं, अंगात ताप असलेल्या पोराला राखेपेक्षा गोळी बरी, हे त्यांनी तेहतीस वर्षं, महिन्यातून दोनदा, सतरंजीवर बसलेल्या बायकांना सांगितलं. आणि दरवर्षी दिवाळी आटोपली की एक बैठक कोहळ्यावर असायची.

कारण आमच्याकडे अख्खा कोहळा बाईनं फोडायचा नसतो. कोहळा म्हणजे घरचा थोरला मुलगा. बाईनं त्याच्यावर पहिला वार केला, तर ते तिच्याच थोरल्याच्या जिवावर येतं. पुरुषानं एकदा चाकू घातला, की मग बाईनं त्याचा कीस पाडला तरी थोरल्याला साधं खरचटत नाही. या नियमाचा शासन निर्णय कुठंही उपलब्ध नाही, तरी अंमलबजावणी शंभर टक्के आहे. एरवी पाण्याचा ग्लास स्वतः न घेणारे पुरुषसुद्धा त्या एका सकाळी स्वयंपाकघरात येतात, कोहळ्यात चाकू घालतात आणि देशकार्य केल्यासारखे बाहेर जातात.

"भाजी आहे ते, मुलगा नाही," सुशिलाबाई बैठकीत सांगायच्या. "त्याले ना आईबाप, ना आधार कार्ड. बिनधास्त कापा."

बायका माना हलवायच्या. घरी जाऊन नवऱ्याची वाट बघायच्या.

सुशिलाबाईंच्या घरी कोहळा कोण फोडतं, हे मात्र कोणी विचारलं नाही. उत्तर असं की, दर कार्तिकात डाळ वाटून झाली की त्या आतून आवाज द्यायच्या, "अहो, हात मोकळा आहे का?" टेकचंद गुरुजी, जिल्हा परिषद शाळेतले विज्ञानाचे निवृत्त शिक्षक, पेपर खाली ठेवायचे, आत यायचे, एक वार घालायचे आणि पुन्हा पेपरात जायचे. कोहळ्याची साल टणक असते, म्हणून. अडतीस वर्षांत दोघं या विषयावर एक शब्दही बोलले नव्हते. साल खरोखरच टणक असते.

मागच्या कार्तिकातली गोष्ट. गुरुजी सकाळी आठच्या एसटीनं गोंदियाला गेले. नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांना बँकेत जाऊन आपण जिवंत असल्याचं सिद्ध करावं लागतं. त्याशिवाय पुढच्या महिन्यापासून सरकार त्यांना जिवंत धरत नाही. गुरुजी गेले ते बरोबरच होतं. फक्त आदल्या रात्री उडदाची डाळ भिजत घातली होती, हे जाताना त्यांच्या लक्षात आलं नाही, आणि पाठवताना बाईंच्याही.

लक्षात आलं ते साडेनऊला. तोवर परसात सगळी मांडणी झाली होती. खाटेवर जुनं धुतलेलं लुगडं अंथरलेलं. शेजारच्या गीताबाई पाट्यावरून शेवटची डाळ काढत होत्या. सून उर्वशी सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडत बसली होती. उर्वशी गोंदियाची, बी.फार्म. झालेली, पाचवा महिना. बड्यांच्या निमित्तानं आठ दिवस सासरी आली होती. खाटेच्या पायाशी सहा किलोचा पांढुरका कोहळा, अंगावर राख फासल्यासारखा, शांत पडला होता.

वाटलेली डाळ थांबत नाही. ऊन तर त्याहून नाही. कोहळा किसून डाळीत गेला पाहिजे, हातानं फेसलं पाहिजे आणि ऊन चढायच्या आत बड्या लुगड्यावर पडल्या पाहिजेत. नाहीतर पीठ आंबतं आणि बड्या चपट्या बसतात.

गीताबाईंनी हात पुसले. "बाई, गुरुजी तर गेले. मंगरूले आवाज देऊ का जी?"

आळीतले सगळे पुरुष धानाच्या मळणीला गेलेले. मंगरू तेवढा घरी, कारण त्याचा दमा. चार घरं सोडून, उन्हाला पाठ देऊन तो दिवसभर बसलेला असतो. हाक मारली असती तर दोन मिनिटांत आला असता.

आणि सुशिलाबाईंच्या तोंडातून, तेहतीस वर्षांच्या सवयीनं, बैठकीतलं वाक्य निघालं.

"मंगरूले कायले? चाकू धराले माणूसच लागते का?"

वाक्य निघालं तेव्हा त्यांना स्वतःलाच ते ओळखीचं वाटलं. गीताबाईंनी भुवया वर केल्या. उर्वशीनं सांबाराची काडी खाली ठेवली आणि चाकू उचलला.

"बरोबर आहे मम्मी. मी कापते ना. लाओ इकडे."

आता या ठिकाणी सुशिलाबाईंच्या मनात जे झालं, ते व्हायला दोन सेकंदही लागले नसतील. सून कापणार. सुनेचं थोरलं पोटात. ते मुलगा की मुलगी, ठाऊक नाही, आणि ठाऊक करून घेणं कायद्यानं गुन्हा आहे. तसं पोस्टर त्यांनी स्वतः अंगणवाडीच्या भिंतीवर चिकटवलं होतं. म्हणजे एका बाजूला पाच महिन्यांचं कोणीतरी, दुसऱ्या बाजूला चौतीस वर्षांचा ओमेश, जो निदान धडधाकट आहे, पळू शकतो, औषधपाणी घेऊ शकतो. मंगरूला बोलवायची वाट त्यांनी आत्ताच स्वतःच्या तोंडानं बंद केली होती. ज्या गोष्टीवर आपला विश्वास नाही, तिच्यातून कोणाला वाचवायचं, एवढंच ठरवायचं होतं.

"थांब, तू वाकू नको," म्हणून त्यांनी सुनेच्या हातातून चाकू जवळजवळ हिसकला आणि कोहळ्यात घातला.

साल टणक होती. तीनदा घालावा लागला.

"फुटला," गीताबाई म्हणाल्या. त्यानंतर त्या विषयावर त्या काहीच बोलल्या नाहीत, आणि त्यांचं ते न बोलणं परसाच्या पलीकडेही ऐकू गेलं असेल.

कोहळा निम्मा किसला गेला. कीस पिळून डाळीत पडला. मिरची, आलं, सांबार पडलं. सुशिलाबाई फेसायला बसल्या. बड्यांचं पीठ फेसताना हात एकाच दिशेनं, न थांबता फिरावा लागतो. त्यांचा हात आळीत प्रसिद्ध होता. पिठाचा थेंब वाटीतल्या पाण्यात टाकला की बुडी न मारता वर राहायचा. पीठ झालं याची हीच परीक्षा.

"ओमेश कितीला निघाला आज?" त्यांनी सहज विचारलं.

"पहाटे चारला कॉल आला होता त्यांना. पाचची ड्युटी."

"कोण्या बाजूची गाडी?"

"ते नाही सांगितलं मम्मी. मालगाडीच आहे, कुठंही जाते."

पिठाचा थेंब पाण्यात टाकला. बुडाला.

"अजून फेसा," गीताबाई म्हणाल्या.

ड्युटीवर असताना लोको पायलटचा मोबाइल बंद असतो. तसा नियमच आहे, आणि सुशिलाबाईंना तो दहा वर्षांपासून पाठ आहे. ओमेशचा फोन दिवसा लागला तर त्याच रागवायच्या. तरी त्यांनी हात धुतला आणि फोन लावला. बंद असल्याचं एका बाईनं मराठीत सांगितलं, मग हिंदीत, मग इंग्रजीत. सुशिलाबाईंनी तिन्ही ऐकून घेतलं; न जाणो एखाद्या भाषेत काही वेगळं निघायचं.

"नंबर बंद आहे," त्या म्हणाल्या.

"बंदच राहते ना मम्मी ड्युटीवर."

"हो, मालूम आहे मले."

तिसऱ्यांदा टाकलेला थेंब कसाबसा तरंगला. बड्या पडू लागल्या. सुशिलाबाईंच्या बड्या म्हणजे एकीला झाकून दुसरी ओळखावी इतक्या सारख्या. त्या दिवशी लुगड्यावर काही बोराएवढ्या, काही लिंबाएवढ्या, एक तर चक्क पोह्याच्या वड्यासारखी. उर्वशीनं त्या ओळीकडं पाहिलं, मग सासूकडं, आणि मोठ्या बड्यांचे दोन-दोन भाग करू लागली.

सडक अर्जुनी हे गाव सडकेवरचं. नागपूर-रायपूर ट्रक दिवसरात्र जातात, त्यांचा आवाज इथं कोणाला ऐकू येत नाही. त्या दुपारी सुशिलाबाईंना तो यायला लागला. साकोलीच्या दिशेनं एक ॲम्ब्युलन्स गेली. ओमेश रुळावर होता, सडकेशी त्याचा काही संबंध नव्हता, तरी सायरन विरेपर्यंत त्यांनी भाताचं झाकण हातातच धरून ठेवलं. भात जरा जास्त शिजला. वरणाला फोडणी दोनदा बसली. उर्वशीनं दोन्हींचं कौतुक केलं. पाचव्या महिन्यात भूक लागते.

ओमेशचा फोन एरवी दोनच्या सुमारास यायचा. गाडीतून उतरला, सही केली, की पहिला फोन बायकोला. दोन वाजले. अडीच वाजले.

"किती वाजले?" सुशिलाबाईंनी विचारलं. भिंतीवर घड्याळ होतं आणि त्या त्याच्याचकडे बघत होत्या.

"टेन्शन नका घेऊ मम्मी. गाडी कुठंतरी बाजूच्या लाइनीत टाकून ठेवली असेल. पॅसेंजर जाऊ देतात, मग मेल जाऊ देतात, मालगाडीचं कोणी नाही राहत."

"मी कुठं टेन्शन घेऊन राहिली? टाइम विचारला."

तीन वाजता त्यांनी पुन्हा वेळ विचारली. साडेतीनला उर्वशीनं स्वतःच उठून फोन लावला आणि कानाला लावून परसात गेली. त्या तीन भाषा तिनंही ऐकल्या. परत आली ती सासूच्या जवळ येऊन बसली. आता घरात दोघी घाबरलेल्या होत्या, आणि दोघींपैकी कोणाचाच त्या गोष्टीवर विश्वास नव्हता.

सुशिलाबाई उठल्या. उरलेला अर्धा कोहळा ताटात ठेवला, वर पदर घेतला, चाकू पदराखाली धरला आणि चार घरं सोडून मंगरूकडे गेल्या.

सरकारी कामात याला कार्योत्तर मंजुरी म्हणतात. काम आधी होऊन जातं, परवानगी मागाहून मिळते; फायलीत तारखा नीट लावल्या की कोणाला काही कळत नाही. सुशिलाबाईंनी नोकरीत अशा कितीतरी मंजुऱ्या घेतल्या होत्या. खाऊ वाटून झाल्यावर खाऊ वाटण्याची, खिडकी बसवून झाल्यावर खिडकीची.

मंगरू उन्हात बसला होता. "काऊन जी बाई? या टायमाले?"

"काही नाही. हा जरा कापून पायजे होता."

मंगरूनं ताटातला अर्धा कोहळा पाहिला. वाकून उरलेला अर्धा कुठे दिसतो का, तेही पाहिलं.

"हा तर फुटला ना. मंग मी काय करू, टाके घालू याले?"

"एक फोड कापा फक्त."

"कोणं फोडला?"

सुशिलाबाईंनी पदर सारखा केला. मंगरूला ते पुरलं. तो थोडा वेळ खोकला, मग पाणी प्याला.

"बाई, मीटिंगमंधी तुम्हीच सांगत होत्या ना जी, भाजी आहे म्हणून? आमची बायको घरी येऊन मले सांगे. मी म्हणो, बाई शिकली-सवरली आहे, तिचं आयक. अन् दरसाल मीच फोडो." त्यानं पाण्याचं भांडं खाली ठेवलं. "एक साल चुकवलं नाही मी. कोहळा माह्याच हातानं फुटला. तरी तुलसीराम गेलाच ना."

तुलसीराम त्याचा थोरला. नऊ वर्षांपूर्वी याच हायवेवर, मोटारसायकलवरून येताना. सुशिलाबाईंच्या अंगणवाडीच्या पहिल्या तुकडीतलं पोर. त्याचं वजन त्यांनी स्वतः काट्यावर घेतलं होतं आणि दर महिन्याला सर्वसाधारण श्रेणीत लिहिलं होतं. अंत्ययात्रेला त्या गेल्या होत्या. पण कोहळ्याच्या बाजूनं त्या मरणाकडे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पुरुषानं फोडला तरी पोरगा जातो. म्हणजे कोहळ्यात काही नाही. आणि म्हणजे काहीही कधीही होऊ शकतं, कोहळा असो वा नसो. पहिलं वाक्य त्यांना तेहतीस वर्षं पाठ होतं. दुसरं त्यांनी कधी कोणत्या बैठकीत सांगितलं नव्हतं.

त्या तिथंच, मंगरूच्या ओट्यावर, टेकल्या.

"ओमेशचा फोन नाही आला," त्या म्हणाल्या.

"कितीले येते?"

"दोनला."

मंगरूनं सूर्याकडं पाहिलं. मग हात पुढं केला. "आणा इकडे."

त्यानं चाकू घेतला, अर्ध्या कोहळ्याची एक फोड कापली, सावकाश, बी सांडू न देता, आणि ताटात ठेवली. "घ्या. झालं. जा घरी, फोन येईन."

"तुमचा तर विश्वास नाही ना आता."

"माहा नाही," मंगरू म्हणाला. "तुमचा आहे ना."

पाच वाजता टेकचंद गुरुजी आले. बँकेत अंगठ्याचा ठसा उमटत नव्हता, म्हणून त्यांना तीन वेळा जिवंत व्हावं लागलं होतं. ते सांगत सांगतच आत शिरले. पाय धुतले. परसात खाटेजवळ उभे राहून बड्यांच्या ओळी पाहिल्या. लहान-मोठ्या ओळी पाहून त्यांचा चेहरा परीक्षेत पेपर तपासताना होतो तसा झाला.

"कोहळा कोणी फोडला?"

अडतीस वर्षांत हा प्रश्न त्या घरात पहिल्यांदा विचारला गेला.

"मी," सुशिलाबाई म्हणाल्या.

गुरुजी आत येऊन बसले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. चहा आला, तो घेतला. पेपर उघडला. पहिलं पान उलटायच्या आधी, पेपराआडून, अगदी साध्या आवाजात त्यांनी विचारलं, "ओमेशचा फोन आला का?"

त्यानंतर त्या घरात तिघंजण उर्वशीच्या मोबाइलकडं बघत बसले. तो चार्जिंगला लावलेला होता, पूर्ण चार्ज होता, तरी कोणी काढला नाही. गीताबाई मीठ मागायच्या निमित्तानं एकदा येऊन गेल्या. गेल्या तेव्हा मीठ न्यायचं विसरल्या. गुरुजींनी पेपराचं पान उलटलं नाही. उर्वशी रेल्वेच्या कार्यालयाचा नंबर शोधत होती, सापडल्यावर तो तिनं कागदावर लिहिला, आणि लावायचा का, हे कोणीच म्हणेना. लावला तर उत्तर मिळालं असतं.

सहा वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला. उर्वशीनं उचलला आणि सासूच्या हातात दिला. "हॅलो," सुशिलाबाई म्हणाल्या.

"आई? उर्वशी कुठं आहे? अरे यार, पाच तास एका छोट्या स्टेशनवर बाजूला लावून ठेवलं होतं गाडीले. ना चहा, ना काही. भूक लागून राहिली जबरदस्त." मागं कोणीतरी हसत होतं, भांड्यांचा आवाज येत होता. "बड्या झाल्या का?"

"झाल्या," सुशिलाबाई म्हणाल्या. "जेव आधी."

"आवाज काऊन असा येऊन राहिला तुझा?"

"डाळ फेसली ना दिवसभर."

फोन त्यांनी सुनेला दिला आणि स्वयंपाकघरात जाऊन तांदूळ धुवायला घेतले. तांदूळ धुवून झाले, तरी पाणी ओततच राहिल्या. गुरुजींनी पेपराचं पान उलटलं. आतल्या पानावर काय होतं ते त्यांना आजही सांगता येणार नाही. बोलणं आटोपून उर्वशी आत आली आणि दाराला टेकून उभी राहिली.

"मम्मी, मलाही माहीत होतं ते कोहळ्याचं. आमच्याकडे पण मानतात. मला वाटलं तुम्ही नाही मानत, म्हणून मी चाकू उचलला." तिनं टोपलीतलं एक वांगं उचललं. "तुम्ही ओढला ना, तेव्हा बरं वाटलं मला."

"वाकायचं नाही सांगितलं ना डॉक्टरनं," सुशिलाबाई म्हणाल्या. "वांगे काप. ते कापता येतात."

त्या दिवशीच्या बड्या पाच दिवसांत वाळल्या. आकार सोडला तर वाईट नव्हत्या. आलू-वांग्यात घातल्या की रस्सा पीत होत्या आणि भाताबरोबर नेहमीसारख्या संपत होत्या. मंगरूकडे एक डबा गेला. ओमेशनं गोंदियाला दोन डबे नेले आणि मित्रांना वाटले. कोहळ्याचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही. गीताबाईंनी तो आळीत काढला का, याबद्दल खात्रीची माहिती उपलब्ध नाही. इतकं खरं की यंदा धानाच्या मळणीला निघण्याआधी तीन घरांतले पुरुष सकाळी सातलाच कोहळे फोडून गेले.

चैत्रात उर्वशीला मुलगी झाली. म्हणजे त्या सकाळी तिनं कोहळा फोडला असता, तरी नियमाप्रमाणे कोणालाच काही झालं नसतं.

यंदा सुशिलाबाईंनी गोंदियाहून तयार बड्यांची अर्ध्या किलोची दोन पाकिटं मागवली.